दोन डॉलरचा मेसेज

(वाचकांचे पैशाविषयीचे प्रश्न. उत्तरं देतात बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका.)

गेल्या अंकात कार्डाच्या फसवणुकीवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. बहुतेकांचं दुखणं एकच: माहिती चोरीला गेली कुठल्यातरी कंपनीकडून, आणि भुर्दंड आला आपल्या दारात. त्यातली पाच पत्रं आज घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात आपण सगळे अडकतो ते जवळपास सगळं आहे.

प्रश्न : मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका, वय ६४. तीन वर्षांपूर्वी मुलीकडे सिंगापूरला गेलो तेव्हा एका परदेशी हॉटेल-बुकिंग कंपनीच्या साइटवर माझं क्रेडिट कार्ड वापरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या कंपनीचा ईमेल आला की त्यांच्याकडची माहिती चोरीला गेली, त्यात काही ग्राहकांचे कार्ड नंबरही आहेत, मात्र मागच्या बाजूचा तीन आकडी नंबर आम्ही साठवत नाही. जावई म्हणाले, असे मेल येतच असतात. गेल्या महिन्यात शुक्रवारी पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी दोन डॉलर खर्च झाल्याचा मेसेज आला, आणि पाठोपाठ आणखी तीन. चारही मिळून ६४,८७० रुपये. ओटीपी आलाच नाही. पावणेसहाला उठून मेसेज पाहिले, लगेच बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं. लेखी तक्रार मात्र पुढच्या गुरुवारी केली, कारण मध्ये सुट्ट्या आणि घरात पुतणीचं लग्न. आता बिल आलंय ७८,२१५ रुपयांचं. बँकेचा माणूस म्हणतो, 'तक्रार उशिरा आली, आधी पूर्ण बिल भरा, मग चौकशी करू.' मिस्टर म्हणतात, भरून टाक आणि विषय संपव. माझीच चूक झाली का?

उत्तर : बाई, शेवटून सुरुवात करते. चूक तुमची नाही. आणि मिस्टरांना सांगा, हा विषय पैसे भरून संपत नाही. भरलेले पैसे परत मागायला गेलं की आपण दारात उभे राहतो; न भरता हरकत घेतली की उत्तर देण्याची पाळी बँकेची.

बिलातले तुमचे स्वतःच्या खरेदीचे झाले १३,३४५ रुपये. तेवढे शेवटच्या तारखेच्या आत भरा, एक दिवसही उशीर करू नका. उरलेल्या ६४,८७० वर हरकत आहे असं लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट आहे की ग्राहकाने 'फसवणूक' म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वादाचा निकाल लागेपर्यंत कोणताही आकार लावायचा नाही. वाद चालू असताना 'थकबाकीदार' म्हणून सिबिलसारख्या संस्थांना कळवायचंही नाही. फोनवरच्या मुलाला हे माहीत नसेल. असलं तरी त्याच्या समोरच्या स्क्रीनवर लिहिलेलं नसेल.

एक गोष्ट आजच तपासा. बिल खात्यातून आपोआप कापलं जाण्याची सोय तुम्ही करून ठेवली आहे का? असेल तर ती बहुधा 'पूर्ण रक्कम' अशी असेल. तुम्ही इकडे पत्र लिहीत बसाल आणि पाच तारखेला पेन्शनच्या खात्यातून ७८ हजार निघून जातील. शाखेत जा, ती सोय या महिन्यापुरती थांबवा.

आता त्या 'उशिरा'चं बघू. हे जरा बारकाईने वाचा, कारण तुमचे तीस हजार रुपये इथे आहेत.

६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने अशा नुकसानीत ग्राहकाची जबाबदारी किती ते ठरवून दिलं आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, गळती तिसरीकडेच झाली, असं असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त दहा हजार. पण हे दहा हजार 'दर व्यवहारामागे' आहेत, ही ओळ लोक वाचत नाहीत. तुमचे तीन मोठे व्यवहार, म्हणजे तीस हजार, वर ते दोन डॉलर. सात दिवस उलटले की मग बँकेच्या संचालक मंडळाने जे धोरण ठरवलं असेल ते.

दिवस कसे मोजायचे? मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. सुट्ट्या धरायच्या नाहीत. तुम्ही मेसेजचे फोटो पाठवलेत म्हणून तारखा कळल्या. शुक्रवार सोडला, पुढचा दिवस दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा, गुरुवार चौथा. लेखी तक्रार धरली तर तुम्ही एका दिवसाने चुकलात.

पण तुम्ही शुक्रवारी पावणेसहालाच फोन केला होता! परिपत्रक म्हणतं 'कळवलं', 'अर्ज दिला' असं म्हणत नाही. बँकेने चोवीस तास फोन, एसएमएस, ईमेल असे मार्ग खुले ठेवायचे आणि तक्रारीला नंबर, तारीख, वेळ द्यायची, हेही त्यातच आहे. गडबड अशी होते की आपण घाबरून म्हणतो, 'माझं कार्ड बंद करा.' पलीकडचा कार्ड बंद करतो आणि 'ग्राहकाच्या विनंतीवरून कार्ड बंद' अशी नोंद टाकून मोकळा होतो. हरकतीची नोंद होतच नाही. मी बेलापूरच्या ऑफिसात अकरा वर्षं या टेबलावर बसले. अशा फायली आठवड्याला ढिगाने यायच्या. तेव्हा कार्ड बंद केल्याचा मेसेज शोधा, त्यावरची वेळ बघा, फोनच्या कॉल-यादीचा फोटो काढा आणि पत्रात लिहा: 'अमुक तारखेला ५.५२ वाजता मी हे व्यवहार माझे नाहीत असे दूरध्वनीवरून कळवले. त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग तपासावे.' हे वाक्य वाचलं की फाइल साहेबांच्या टेबलावर जाते.

पत्र लांबवू नका. शिक्षकांची पत्रं लांब असतात, राग मानू नका. एका आजोबांनी आम्हाला साडेचार पानं लिहिली होती, त्यात मोरारजींच्या काळातल्या सचोटीपासून सगळं होतं. व्यवहाराची तारीख मात्र नव्हती. कार्डाचे शेवटचे चार आकडे, चारही व्यवहारांच्या तारखा-वेळा-रकमा, फोनची वेळ, कंपनीच्या ईमेलची प्रत. आणि १९३० या सरकारी हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केल्याची पोच. एवढं पुरे. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

तुम्ही विचाराल, ओटीपीशिवाय पैसे गेलेच कसे? ओटीपी हा आपला देशी नियम आहे. कार्डाच्या ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा हवी, हे रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचं केलं, पण ते भारतातल्या दुकानांना. परदेशातल्या कितीतरी साइटवर नंबर आणि मुदत टाकली की काम होतं, काही ठिकाणी तर मागचे तीन आकडेही विचारत नाहीत. म्हणून 'तीन आकडी नंबर आम्ही साठवत नाही' या वाक्याने फार हायसं वाटून घेऊ नका. शिवाय न साठवलेलंही चोरता येतं. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी पैसे भरायच्या पानातच आपला कोड घुसवला होता. लोक आकडे टाइप करत होते आणि ते तसेच्या तसे, मागच्या तीन आकड्यांसकट, तिकडे जात होते. त्या कंपनीला पुढे दोन कोटी पौंड दंड झाला.

तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू होते ते सिंगापूरमुळे. २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी वापर बंदच असतो, आपण मागितला तर चालू होतो. आपण विमानात बसण्याआधी तो चालू करतो आणि परत आल्यावर बॅगा रिकाम्या करतो, हे बटण मात्र तसंच राहतं. बँक यावर बोट ठेवील. ठेवू द्या. दिलेली सोय वापरणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या ईमेलचंही तसंच. घड्याळ सुरू होतं ते बँकेच्या व्यवहाराच्या मेसेजपासून, कंपनीच्या ईमेलपासून नाही. तेव्हाच कार्ड बदलून घेतलं असतंत तर बरं झालं असतं, हे खरं. जावईबापूंना मी काही म्हणत नाही.

त्या दोन डॉलरचं सांगायचं राहिलं. आम्ही त्याला 'टेस्टिंग' म्हणायचो. चोरलेले नंबर गठ्ठ्याने विकले जातात, अनेकदा चोरीनंतर कित्येक महिन्यांनी. विकत घेणाऱ्याला माहीत नसतं कुठलं कार्ड जिवंत आहे. मग तो चणे-फुटाणे खाऊन बघावे तसं एक-दोन डॉलर खर्चून बघतो. गेले, तर पुढचा घास मोठा.

आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगते? २०१५ मध्ये माझ्याच कार्डावर एका सकाळी सहाच्या सुमाराला एक डॉलरचा मेसेज आला. गॅसवर दूध होतं. मला वाटलं, लेकीने मोबाइलवर काहीतरी घेतलं असेल. संध्याकाळी विचारू म्हटलं आणि विसरले. चौथ्या दिवशी कुठल्याशा परदेशी दुकानातून ४१ हजारांचे बूट. माझ्या घरात तेव्हा सगळ्यांचे मिळून चार हजारांचे बूट नसतील. माझा अर्ज शेजारच्या टेबलावर गेला. तिथल्या सहकाऱ्याने तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी माझ्याच आवाजात विचारलं, 'मॅडम, पहिल्याच दिवशी का नाही कळवलंत?' हा प्रश्न मी रोज दहा जणांना विचारत असे. २०१७ चं परिपत्रक तेव्हा नव्हतं. पैसे परत यायला पाच महिने लागले, आणि मी आतली माणूस होते.

तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. जिथे 'दूध नाही' लिहितो ना, त्याच चौकोनात. तुम्हीही तक्रारीच्या तारखेपासून दहा कामकाजाचे दिवस मोजा आणि तिथे 'उलट जमा?' लिहा. तेवढ्या दिवसांत बँकेने ती रक्कम तुमच्या कार्डावर तात्पुरती जमा दाखवायची असते. मग नव्वदाव्या दिवसावर खूण करा; तोवर निकाल लागायला हवा, आणि मधल्या काळाचं व्याज तुमच्यावर पडता कामा नये. तात्पुरती जमा पाहून पेढे वाटू नका, निकाल विरुद्ध गेला तर ती परत काढून घेतात. आणि अंतिम हिशेबात मूळ रकमेबरोबर परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी परत आला का ते बघा. हे दोन्ही स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत असतात आणि परत करताना 'राहून' जातात. माझे चौदाशे रुपये असेच राहिले होते.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर माहिती मिळते. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पायरीवरून परत पाठवतात.

प्रश्न : वय २७, हिंजवडीत नोकरी. ज्या ॲपवरून आम्ही जेवण मागवतो त्यांचा डेटा फुटल्याची बातमी आली. चार दिवसांनी एका बाईंचा फोन: 'तुमच्या बँकेच्या कार्ड सुरक्षा विभागातून बोलतेय, तुमचं कार्ड त्या गळतीत सापडलंय, बदलून देतो.' त्यांना माझं नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे, शनिवारी काय मागवलं होतं तेही माहीत होतं. मी ओटीपी सांगितला. ७.१२ ला ४९,९९९ रुपये गेले. ७.५० ला बँकेला फोन केला, ७.५८ ला तक्रार नंबराचा मेसेज आला. ८.०५ ला आणखी १८,५०० गेले! आयटीत असून फसलो, म्हणून घरी सांगितलेलं नाही. पैसे मिळतील का?

उत्तर : अठरा हजार पाचशे मिळायला हवेत. एकोणपन्नास हजारांची आशा कमी आहे, तुला खोटा धीर देत नाही.

त्याच २०१७ च्या परिपत्रकात आहे: ग्राहकाने स्वतः गुप्त आकडे दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. तुझी रेघ ७.५८ ला ओढली गेली. ८.०५ चा व्यवहार रेघेच्या पलीकडे आहे, तो तू आकडा सांगितल्यामुळे झाला की आणखी कशामुळे, याचा संबंध नाही. बँक दोन्ही व्यवहार एकाच फाइलमध्ये बांधून 'ओटीपी दिला' असा एकच शिक्का मारायला बघेल. म्हणून दोन स्वतंत्र तक्रारी कर, दोन नंबर घे.

पहिल्या रकमेसाठी १९३० वर फोन केलास का, ते लिहिलं नाहीस. केला नसशील तर हे वाचून झाल्यावर कर. पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले तिथे अजून पडून असतील तर ते अडवून ठेवता येतात. पहिल्या तासा-दोन तासांत जमतं, कारण चोर ते पाच-सहा खात्यांत फिरवून काढून घेतात. उशीर झालाय, तरी पोच हातात असू दे. कार्डाचे पैसे एखाद्या दुकानाच्या नावावर गेले असतील आणि माल अजून पाठवलेला नसेल, तर बँक त्या दुकानाला कळवून सौदा रद्द करू शकते. हे दर वेळी होत नाही. पण विचारल्याशिवाय तर होतच नाही.

तू फसलास त्या चार आकड्यांमुळे. आपल्याला वाटतं, कार्डाचे आकडे फक्त बँकेला माहीत. पण १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडच्या दुकानांना आणि ॲपना पूर्ण कार्ड नंबर साठवायची बंदी आहे. ते त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी चालणारा वेगळा आकडा ठेवतात, आणि सोबत शेवटचे चार आकडे व बँकेचं नाव ठेवू शकतात. म्हणजे अशा ॲपमधून हेच बाहेर पडणार. त्या चोराकडे तुझं कार्ड नव्हतंच रे! कार्डाशिवाय बाकी सगळं होतं, आणि उरलेलं मागायला त्याने फोन केला. गळती झाल्यावर पैसे जातात त्यातले बरेच असे, दुसऱ्या फेरीत. पहिली बातमी खरी असते, म्हणून दुसरा फोन खरा वाटतो.

आयटीत असण्याचा यात काही संबंध नाही. आमच्या टेबलावर बँक मॅनेजरांचे अर्ज यायचे. आईला सांग. तिलाही असा फोन येईल, आणि तिला तो ओळखता यायला हवा.

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला राहते. इथल्या एका कंपनीकडून पत्र आलं: तुमची माहिती चोरीला गेली, एक वर्ष फुकट 'क्रेडिट मॉनिटरिंग' देतो. पाठोपाठ इथल्या क्रेडिट कार्डावर ३१२ डॉलरचा अनोळखी खर्च. पुण्याच्या बँकेचंही कार्ड आहे माझ्याकडे. इथे आणि तिथे एकच करायचं का?

उत्तर : नाही, दोन्हीकडचे कायदे वेगळे. तुमच्या अमेरिकी क्रेडिट कार्डावर कायद्यानेच ग्राहकाची जबाबदारी फार तर ५० डॉलर, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या स्वतःच्या नियमांमुळे बहुधा तेवढीही नाही. फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. व्यवहार ज्या स्टेटमेंटवर आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी पत्र, आणि ते बिल भरायच्या पत्त्यावर नाही, तर हरकतींसाठी दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर. स्टेटमेंटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. कंपनीने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या आत, फार तर ९० दिवसांत, निकाल लावायचा.

डेबिट कार्डाचं मात्र तसं नाही. तिथे दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ५० डॉलर, नंतर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंटनंतरचे ६० दिवस उलटले तर पुढच्या नुकसानीला मर्यादाच नाही. ऑनलाइन खरेदीला क्रेडिट कार्ड वापरा म्हणतात ते यासाठी.

फुकटचं मॉनिटरिंग घ्या हवं तर, ते चोर घरात शिरल्यावर शिट्टी मारतं. दाराला कुलूप लावायचं असेल तर 'क्रेडिट फ्रीझ' करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला नवं कर्ज काढता येत नाही. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे ते वेगवेगळं करा. २१ सप्टेंबर २०१८ पासून ते देशभर फुकट आहे. त्याच्या वर्षभर आधी इक्विफॅक्सकडूनच सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती, हा त्यातला विनोद. घर किंवा गाडीसाठी कर्ज घ्यायचं असेल तेव्हा फ्रीझ काढता येतं.

पुण्याच्या कार्डाला वर साताऱ्याच्या बाईंना सांगितलेलं सगळं लागू. तुमचा खरा धोका वेगळा आहे: त्या बँकेचे मेसेज ज्या भारतीय नंबरवर जातात तो चालू आहे का? की आईच्या कपाटातल्या जुन्या फोनमध्ये सिम पडून आहे? मेसेज 'पोचला' असं बँक म्हणणार आणि तुमचे तीन दिवस कपाटात संपणार. ईमेलने सूचना चालू करा, आणि पुण्याला येईपर्यंत त्या कार्डावरचा ऑनलाइन वापर बंद ठेवा.

प्रश्न : कोल्हापूर. माझं खातं आणि कार्ड सहकारी बँकेचं आहे. हे नियम मोठ्या बँकांनाच ना? कॉसमॉसच्या वेळी ग्राहकांचे पैसे गेले होते का?

उत्तर : सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १४ डिसेंबर २०१७ ला तसंच परिपत्रक वेगळं काढलं. तीन दिवस, सात दिवस, सगळं तेच. शाखेत कुणी मान हलवली तर ही तारीख सांगा.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला. ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, तुमच्या कोल्हापुरातूनही. पण ते ग्राहकांच्या खात्यांतून वजा झाले नाहीत. हल्लेखोरांनी 'पैसे द्यायचे का?' या प्रश्नाला बँकेच्या वतीने 'हो' म्हणणारी यंत्रणाच परस्पर उभी केली होती, त्यामुळे खड्डा बँकेला पडला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं; ते एटीएमसमोर कार्ड घेऊन उभे राहणारे होते.

प्रश्न : नागपूर. ज्या कंपनीने माझी माहिती सांडली तिच्याकडून भरपाई मिळेल का? नवीन कायदा आलाय म्हणे.

उत्तर : आलाय, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. दंड जाणार भारताच्या संचित निधीत. तुम्हाला त्यातला रुपया नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई मागायचं जे कलम होतं, ४३अ, ते काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. मला हे पटलेलं नाही, पण कायदा मी करत नाही.

फायदा एकच, कंपनीला गळती तुम्हाला कळवावी लागेल. २०२१ मध्ये एअर इंडियाने जगभरातल्या ४५ लाख प्रवाशांच्या माहितीची गळती जाहीर केली, त्यात २०११ पासूनचे प्रवासी होते, पासपोर्टचे तपशील होते आणि काही कार्डांचेही. तिकीट विसरून दहा वर्षं झालेल्यांना मेल गेले. असा मेल आला की तो पुसू नका. साताऱ्याच्या बाईंच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. फक्त त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. कंपनीची साइट स्वतः उघडून बघा, कारण खऱ्या मेलच्या मागोमाग खोटे सुटतात.

आणि नाशिकच्या वाचकाचं पोस्टकार्ड. (अजून कुणीतरी पोस्टकार्ड लिहितं!) 'नवीन कार्ड आलं. जुन्याचं काय करू?' चिपवरून आडवी कात्री चालवा आणि तुकडे दोन वेगळ्या दिवशी कचऱ्यात टाका. पण त्याआधी मागच्या वर्षभराची स्टेटमेंट काढा आणि जुन्या कार्डावरून आपोआप काय काय जात होतं ते बघा. वीजबिल अडलं तर निदान घरात अंधार होऊन कळतं. विम्याचा हप्ता अडला तर काहीच होत नाही, आणि सवलतीचे दिवस संपले की पॉलिसी बंद पडते. माझ्या नणंदेची आरोग्य विम्याची अशीच बंद पडली. तिला ते कळलं रुग्णालयाच्या काउंटरवर.